अंधारात हिरवी उगवलेली रोपे

नाशिक

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

माझा प्रबंध सादर झाला. वृक्षांतील प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांवर काम करताना माझ्यासारखे आणखी कोणी अडले असेल, त्यालाही आपली शिकवण्याची रीत कळावी म्हणून हे आभाराचे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की, उजेड मिळाल्याशिवाय कोणतेही झाड हिरवे होत नाही. आपण ते वाक्य खोडले नाही. घटात पेरलेले धान झाकून ठेवले की पिवळे का उगवते, एवढेच विचारलेत आणि उत्तराखंडातून आणलेल्या चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइन वृक्षाच्या, बियांची पुडी हातात दिलीत. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात, काळ्या कापडाने झाकलेल्या खोक्यात, मी गहू आणि चीड शेजारी शेजारी पेरले. गहू पिवळा उगवला आणि तिसऱ्या आठवड्यात चिडाची रोपे चक्क हिरवी वर आली. तो क्षण मी विसरणार नाही.

मग आपण कारण उलगडलेत. हरितद्रव्य तयार होताना शेवटाकडच्या एका टप्प्यावर सपुष्प वनस्पतींच्या विकराला (एन्झाइमला) प्रकाश लागतोच. पाइनच्या हरितलवकात, म्हणजे स्वतःचा डीएनए असलेल्या पेशीतल्या हिरव्या कणात, मात्र तेच काम अंधारात करणाऱ्या दुसऱ्या विकराची तीन जनुके टिकून आहेत, जी सपुष्प वनस्पतींनी गमावली. १९९४ मध्ये जपानी काळ्या पाइनच्या हरितलवकातील डीएनएचा १,१९,७०७ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला, त्यात ही जनुके आहेत. १९८६ मध्ये वाचल्या गेलेल्या तंबाखूच्या हरितलवकातील डीएनएच्या सुमारे १,५६,००० जोड्यांच्या वर्तुळाशेजारी आपण हे वर्तुळ काढलेत, तेव्हा तंबाखूत समोरासमोर असलेले दोन मोठे उलटे पुनरावृत्त भाग (एकाच क्रमाच्या उलटसुलट दिशेच्या दोन प्रती) पाइनमध्ये जवळजवळ नाहीसे झालेले मला प्रथमच दिसले.

रुबिस्को, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे सोळा उपघटकांचे विकर, हा तर माझा कच्चा धडा होता. सोळा जणांच्या पंगतीत आठ पाने हरितलवकाच्या घरची आणि आठ केंद्रकाच्या घरची, असे आपण सांगितलेत आणि मोठ्या उपघटकाचे जनुक एकीकडे, लहानाची दुसरीकडे, तरी दोन्ही घरांनी मोजून वाढायचे, ही गुंतागुंत मला एका वाक्यात कळली. त्यासाठी आपण निवृत्तीनंतरचे किती रविवार दिलेत, याची मोजदाद मी ठेवली नाही, याचे आज वाईट वाटते.

पुडीतल्या थोड्या बिया उरल्या आहेत. येत्या नवरात्रात घटाच्या धानाबरोबर त्या अंधारात पेरून मी माझ्या अकरावीच्या वर्गाला दाखवणार आहे. त्या दिवशी आपण वर्गात यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी