जॉबर गेला, कांते गेला

लेस्टर, रविवार

ती. अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आठवड्याला लाखांनी पगार घेऊन ही फुटबॉलवाली पोरं हरतात कशी?" भांड्यांच्या खडखडाटात नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या मागावर नगावर मजुरी. टॉवेल निघाला तर पैसे. इथल्या खेळाडूचा करार तीन-चार वर्षांचा, पगार ठरलेला. गोल केल्याचा बोनस असलाच तर वरचा. क्लब आकडा ठरवतो तो मागचा खेळ बघून, आणि पाय तर पुढच्या वर्षी दुखावतो!

तरी दहा वर्षांचा हिशोब मांडला तर जास्त पगार देणारेच बहुतेक वर दिसतात. एका शनिवारची खात्री मात्र नाही. आमच्या लेस्टरने २०१५-१६ ला प्रीमियर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, जिंकली; त्या हंगामाच्या सुरुवातीला सट्टेवाले आमच्यावर एका पौंडाला ५००० देत होते. वर्षाचा पगारखर्च सुमारे ८ कोटी पौंड, त्यातही जिंकल्याचे बोनस आले. जवळजवळ तिप्पट खर्चून लंडनची चेल्सी दहावी! आमचा गोल करणारा व्हार्डी तर आधी कारखान्यात कामाला होता, खालच्या लीगमधल्या छोट्या क्लबकडून खेळायचा.

पण पुढचं ऐका. मधल्या फळीतला कांते लगेच चेल्सीने उचलला. पुढच्या वर्षी चेल्सी पहिली, आम्ही बारावे, आणि कप जिंकून देणारे प्रशिक्षक रानिएरी फेब्रुवारीतच घरी. तुमचा माग दुरुस्त करणारा जॉबर शेजारच्या कारखान्यात दोन हजार जास्तीवर गेला आणि आपले चार माग आठवडाभर बंद राहिले, त्यातलाच हा प्रकार. रागावू नका, पण तो गेला यात त्याची चूक मला दिसत नाही.

नुसता पैसा ओतूनही भागत नाही म्हणा. २०२२-२३ ला लेस्टरचा पगारखर्च २० कोटी पौंडांच्या वर गेला आणि संघ अठरावा येऊन खालच्या लीगमध्ये गेला. बेलग्रेव्ह रोडवरच्या आमच्या फरसाणवाल्याने त्या संध्याकाळी टीव्हीच बंद केला; गाठीही तोलून न देता मूठभर दिली.

नवीन जॉबर मिळाला का? गड्ड्याच्या यात्रेला यायचं तिकीट अजून काढलं नाही, सुट्टी अडलीय. आईला सांगा, शेंगाचटणी संपली. या वेळी डबा नीट बांधा, मागच्या वेळी बॅगेतले सगळे कपडे लाल झाले होते.

तुमची,
सुमन