कळसूबाईच्या शिड्यांवर शिस्त हवी

मा. संपादक,

अकोले तालुक्यातील बारी गावातून राज्यातील सर्वांत उंच अशा १६४६ मीटरच्या कळसूबाई शिखरावर पावसाळ्यातील शनिवार-रविवारी मित्रमंडळींचे इतके गट एकाच वेळी चढतात की, कड्यांवर बसवलेल्या लोखंडी शिड्यांपाशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकून पडतात. शिडी मुळात अरुंद. त्यात निसरड्या पायऱ्यांवर कुणी छायाचित्रासाठी थांबले, की खालच्या साऱ्यांना ओला कठडा घट्ट धरून ताटकळत उभे राहावे लागते. आमच्या गटापुढे एक शाळकरी मुलगी अशीच मधल्या पायरीवर थरथरत उभी होती आणि तिच्यासोबतचे सारे केव्हाच वर निघून गेले होते. याचे फार वाईट वाटले. मित्रांसोबत डोंगर चढायचा, तर सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चढायचे, हा संकेत जाणते गिर्यारोहक कसोशीने पाळतात. गर्दीच्या दिवशी प्रत्येक शिडीपाशी बारीतील एखाद्या तरुणास मानधन देऊन नेमावे आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना आळीपाळीने सोडावे, अशी वन विभागास व ग्रामपंचायतीस कळकळीची विनंती आहे. त्यासाठी पायथ्याशी माणशी काही रुपये अधिक मोजावे लागले, तरी ते कुणाला जड जाऊ नयेत.

– एक डोंगरप्रेमी वाचक, नाशिक