मंत्रिमहोदय, काठ सोलून पूर अडत नाही

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. पूरसंरक्षक भिंतीचं काम सुरू झालं याबद्दल आपले आभार. पण पहिल्याच दिवशी जेसीबीनं काठावरची करंजं आणि बाभळी मुळासकट उपटल्या. सप्टेंबर २०२५च्या पुरात त्याच झाडांमागची रानं शाबूत राहिली होती. पाहणीला आलात तेव्हा त्यांच्याच सावलीत उभं राहून आपण शब्द दिला होता की झाडं राखू, पायथ्याला दगड घालू आणि मगच भिंत बांधू. गावानं टाळ्या वाजवल्या होत्या, साहेब.

माझं रान त्या झाडांच्या खालच्या अंगाला. तिथं झाड नव्हतं आणि पात्रातली वाळू वाळूवाल्यांनी आधीच उपसून नेलेली. जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि दोन एकर सोयाबीन मातीसकट गेलं. मोटार गेली, पाइप गेले. दावणीची म्हैस सोडायलाही वेळ मिळाला नाही. आई रात्रभर पत्र्यावर बसून होती. अजूनही आभाळ भरून आलं की तिला घास उतरत नाही. रानात आता नुसता मुरूम आणि गोटे आहेत. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून ३ लाख जाहीर झाले. ४७ हजारांत काळ्या मातीच्या किती खेपा येतात, ते एखाद्या ट्रॅक्टरवाल्याला विचारा. आणि माती टाकली तरी ती थांबणार कशाच्या आधारावर? काठच उरला नाही.

मी भिंतीच्या विरोधात नाही. वस्तीपाशी ती हवीच. पण पायथ्याला दगडी पिचिंग म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, वळणावर जाळीत भरलेले दगड, वर वाळा आणि बांबू, त्यामागे करंज, असा काठ बांधता येतो. वाळ्याची मुळं दहा फूट खाली जातात. झाडोरा पाण्याचा जोर मोडतो, म्हणून दगड टिकतो. नुसती भिंत वेग वाढवते आणि जिथं संपते तिथलं रान खाते. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे खारफुटी होती, तिथं माणसं कमी दगावली. नेदरलँड्समध्ये १९९५ला पुराच्या भीतीनं अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी कित्येक ठिकाणी बांध मागे घेऊन नदीला जागा मोकळी करून दिली. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या देशाला जे पटलं, ते आपल्या अभियंत्यांना का पटू नये?

कारण झाडाचं बिल निघत नाही. काँक्रीटचं निघतं, त्यात टक्के असतात, उद्घाटनाला फीत असते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा नकाशावर आखायची, आणि तिच्या आत भराव घालून गाळे उभे राहिले की डोळे मिटायचे. वाळूचे ट्रक रात्री कुणाच्या जोरावर जातात, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. तक्रार करणाऱ्याच्या घरीच पोलीस येतात. दुष्काळात आम्हाला टँकर, पुरात बोट, आणि मधल्या काळात आश्वासन. मराठवाड्यानं एवढ्यावरच जगायचं का?

उरलेली झाडं तोडणं आजच थांबवा. अंदाजपत्रक आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. भिंत जिथं संपते तिथून पुढचा काठ दगड आणि झाडं लावून बांधा, आणि ती झाडं तीन वर्षं जगवण्याची जबाबदारी ठेकेदाराच्या करारात घाला. शब्द तुम्ही दिला होता, उत्तरही तुम्हीच द्या. कारकुनाच्या सहीचं नको.

आपला,
गोदाकाठचा एक शेतकरी