कॅनोनेट अजून भंगारात गेलेला नाही

प्रिय दोस्ता,

तुझा कॅमेरा बंद पडल्याच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण गेले दोन रविवार मी कॅनोनेटमध्ये डोकं खुपसून बसलो होतो. तोच रे, मामाचा कॅननचा जुना फिल्म कॅमेरा, क्यूएल१७ जी-थ्री, १९७२ साली बाजारात आलेलं मॉडेल. तू ‘भंगारात दे’ म्हणाला होतास. दिला नाही.

मागचा रोल धुऊन आला तो आरपार कोरा. आधी मला धुणाऱ्याचाच संशय आला, पण फिल्मच्या कडेचे आकडे छान उमटले होते. म्हणजे धुलाई ठीक होती, प्रकाशच आत गेला नव्हता. मागचं झाकण उघडून खटका दाबला. क्लिक खणखणीत, पण शटरची पाती, म्हणजे क्षणभर उघडून फिल्मवर प्रकाश सोडणारी पाती, जागची हलेनात.

आता कबुली देतो, हसू नकोस. शटर अडखळतंय म्हणून मध्यंतरी मीच तिथे शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं! ती पाती कोरडीच चालतात. तेलाचा जरासा थर आला की एकमेकांना घट्ट धरून बसतात, आणि ती सोडवण्याइतका जोर त्या नाजूक स्प्रिंगमध्ये नसतो.

पुढची नावाची रिंग काढायला मी आधी स्क्रू ड्रायव्हर लावला. तो निसटला आणि जो ओरखडा पडला तो आता कायमचा. मग रबरी बूच दाबून फिरवलं, तर रिंग गुमान सुटली. पुढची भिंगं काढली आणि पाती समोर आली. लायटरमध्ये भरायचं इंधन कापसाच्या काडीला जेमतेम लावून पुसत गेलो (खिडक्या उघड्या, जवळपास जाळ नाही). पाती लगेच उघडली, मला हर्ष झाला, आणि दहा मिनिटांत पुन्हा चिकटली. तेल विरघळून तिथेच पसरत होतं, निघत नव्हतं. दर वेळी नवी काडी, पुसायचं, खटका दाबायचा, सुकू द्यायचं. काडी पांढरीच्या पांढरी निघायला दुसरा रविवार उजाडला.

शटरचा वेग मोबाइलवर तपासला. सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घेतला, तर १/६० सेकंदाच्या वेगाला पाती साधारण चार फ्रेम उघडी दिसायला हवीत. माझी पाच दिसली. चालतंय. १/५०० मात्र असं मोजता येत नाही.

झाकणाच्या खोबणीतला उजेड अडवणारा फोम डांबर झाला होता, तो खरवडून काळी लोकर बसवली. उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी पूर्वी १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. आताचा १.५ चा घातला की मीटर उजेड जास्त दाखवतो. मी सेलच काढून ठेवलाय, शटरचा वेग आणि भिंगाचं छिद्र हाताने लावलं की शटर सेलशिवाय चालतं.

तुझ्या बंद कॅमेऱ्याचंही झाकण उघड आणि खटका दाबून मागून बघ. पाती हलतात का ते कळव. तेल मुळीच घालू नकोस. आणि आत फ्लॅश बसवलेला असेल तर स्क्रूला हात लावू नकोस. त्यातला कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्ट धरून ठेवतो, सेल काढल्यावरसुद्धा. तसा असेल तर मी येईपर्यंत थांब.

तुझाच,
तेलवाला