सी नंतर एकदम के : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय, स.न.वि.वि.

मी लालबागची. चाळ खाली करायला घेतलीय, त्यामुळे अजून किती दिवस लालबागची ते माहीत नाही. गेल्या महिन्यात एका सरकारी ऑफिसने (नाव घेत नाही, आईची खोली अजून त्यांच्याच हातात आहे) ट्रान्झिटसाठी (नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांसाठी) पात्र भाडेकरूंची यादी आमच्या कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. एक्सेल फाईल. खोली नंबर, नाव, मजला, पात्र की अपात्र, बस एवढंच दिसत होतं. पण वरती कॉलमची अक्षरं ए, बी, सी आणि मग एकदम के. मधली कुठे गेली? दुसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या पोराने सी आणि के सिलेक्ट केले, राइट क्लिक, अनहाइड. झालं. 64 खोल्यांचे आधार नंबर, मोबाइल, बँक खाती, आणि शेवटी एक रकाना, शेरा. माझ्या आईपुढे लिहिलं होतं, "विधवा, मुलगा सांभाळत नाही, वाद संभवतो."

आई 78 वर्षांची आहे साहेब. ती दोन आठवडे गॅलरीत आली नाही. माझा दादा बदलापूरला राहतो, त्यालाही कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवलाच, त्याने फोन करणं बंद केलंय, आणि त्याला वाटतं की तो शेरा मी लिहून घेतला. तिसऱ्याच दिवशी आईला फोन आला, आजी तुमची खोली मंजूर झाली, खात्याचे शेवटचे आकडे हे ना? तिने ओटीपी सांगितला. 14,200 गेले. तुमच्यासाठी चहापाणी असेल, तिच्यासाठी चार महिन्यांची औषधं होती.

ऑफिसात गेले तर कारकून म्हणाले, मॅडम आम्ही हाइड केलं होतं. मग म्हणाले सोमवारी सुरक्षित फाईल देतो. दिली, तीन सोमवार गेल्यावर. या वेळी शीटला पासवर्ड! त्याच पोराने सगळी टेबल कॉपी करून कोऱ्या शीटवर पेस्ट केली, लपवलेले रकाने दात काढत बाहेर. अहो, शीट प्रोटेक्ट करणं म्हणजे कुणी चुकून आकडा खोडू नये म्हणून लावलेली कडी आहे, ते कुलूप नाही. कुलूप लावायचं तर फाईल उघडतानाच पासवर्ड मागितला पाहिजे. तो फाईल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड इथे आहे. आणि तसली फाईलही 64 घरांत वाटायची नसतेच, कारण पासवर्ड दिला की सगळंच दिलं. वाटायची यादी वेगळी करा, लागतात तेवढेच रकाने नव्या फाईलीत, पीडीएफ काढा, पाठवा. त्याआधी इन्स्पेक्ट डॉक्युमेंट चालवा, लपलेले रकाने नि शीट ते स्वतः दाखवतं. फुकट आहे, टेंडर काढावं लागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अर्जाच्या उत्तरात अशीच एक्सेल दिली, लपलेल्या शीटमध्ये 9,483 पोलिसांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती निघाली. तिथे साडेसात लाख पाउंड दंड झाला. आपल्याकडेही 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, 250 कोटींपर्यंत दंड लिहिलाय त्यात. माझे 14,200 त्यात कुठे बसतात?

आणि गंमत बघा, त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम बदललं. म्हणजे बिल्डरला किती एफएसआय (जागेवर किती बांधकाम करायची परवानगी) दिला विचारलं की ती वैयक्तिक माहिती म्हणून नकार यायची भीती, आणि आमच्या घरातलं भांडण मात्र अख्ख्या चाळीला फॉरवर्ड. आधारची झेरॉक्स मी आयुष्यात शंभर ठिकाणी तरी दिली असेल, रेशनला, गॅसला, सिमला, आईच्या पेन्शनला, एकानेही विचारलं नाही की ही तुम्हाला परत हवी का. वर आम्हाला सांगता, नागरिकांनी सावध राहावं. सावध काय राहणार, कपाटाची चावी तुमच्याकडे!

मागणं एवढंच. ग्रुपवरच्या दोन्ही फाईली डिलीट करायला लावा, ऑफिसने चाळीला लेखी कळवावं की काय काय फुटलं, आणि आईचे पैसे. आणि मूळ फाईलीतला तो शेरा खोडा. दादा दर रविवारी यायचा हो, डबा घेऊन.

आपली,
खोली नंबर 41 ची मुलगी