दाजींच्या गाडीचा पुढचा लाईट शाबूत होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रोज कुठेतरी कोपऱ्यात 'अपघातात दुचाकीस्वार ठार' अशी चार ओळींची बातमी असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तशीच एक बातमी आमच्या दाजींची आली होती. सोलापूर रोडला रात्री साडेआठला कंपनीतून घरी येताना मागून टेम्पोने उडवलं, जागेवरच गेले. ताईला दोन लहान मुलं.

मी हे लिहितोय कारण पुढे भरपाईच्या दाव्यात दोन वर्षं कोर्टात एकाच गोष्टीवर सगळं अडलं, चूक कोणाची ते सिद्ध करा. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, तोपर्यंत लोकांनी ट्राफिक मोकळं करायला दोन्ही गाड्या साईडला ओढलेल्या, आणि पंचनाम्यात काय तर 'रस्ता सरळ व डांबरी'. ब्रेकच्या खुणा नाहीत, काचा कुठे पडल्या ते नाही, कडेपासून किती फुटावर धडक झाली ते पण नाही. मग इन्शुरन्सवाल्यांनी म्हणणं दिलं की दाजींनीच अचानक गाडी वळवली, म्हणजे त्यांचीपण चूक, भरपाई कापा. लोकांना हे कापणं कळत नाही म्हणून सांगतो, समजा २० लाख मंजूर झाले आणि कोर्टाने मयताची चूक २५ टक्के धरली तर सरळ ५ लाख गेले, तेही विधवा बाईच्या आणि पोरांच्या वाट्यातले.

आम्हाला वाचवलं आरटीओ इन्स्पेक्टरच्या तपासणी रिपोर्टने. त्यात लिहिलं होतं मागची नंबर प्लेट आत दबलेली, टेल लाईट फुटलेला, मागचं मडगार्ड चाकावर बसलेलं, आणि पुढच्या लाईटची काच शाबूत. वकील साहेबांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, आडवी वळवली असती तर गाडी बाजूने चेपली असती. शिवाय टेम्पोचा ड्रायव्हर साक्षीला आलाच नाही, ते पण इन्शुरन्सवाल्यांच्या विरोधात गेलं. जवळच्या टपरीवाल्याने त्या रात्री मोबाईलवर फोटो काढले होते, पण नुसता व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुरेसा होत नाही, ज्याने काढला त्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि तो माणूस कामधंदा सोडून कोर्टात आला, त्याचे उपकार कसे फेडायचे.

गावात लोक म्हणत होते ड्रायव्हर फौजदारी केसमध्ये सुटला की संपलं. तसं नाहीये. क्लेमच्या केसमध्ये फौजदारीसारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते बघतात, सुप्रीम कोर्टाने २००९ च्या बिमला देवी निकालात हे स्पष्ट सांगितलंय. तसंच एखाद्या दुचाकीवर तिघं बसले होते एवढ्यावरून आपोआप चूक ठरत नाही, मोहम्मद सिद्दीकी केस, २०२०. पण हे घरात माणूस गेलेल्याला कोण सांगणार?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुदत. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. पहिले दोन महिने तर दिवस कार्य, वारस नोंद आणि पोलीस स्टेशनच्या चकरांत गेले, ताई तर बोलतच नव्हती कोणाशी. आमचा दावा मुदत संपायला अकरा दिवस उरले असताना दाखल झाला. आपल्या राहत्या भागातल्या न्यायाधिकरणात, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, तो करता येतो हेसुद्धा आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं, तोपर्यंत वाटत होतं जिथे अपघात झाला तिथेच जावं लागेल.

पोलिसांना कळकळीने सांगणं आहे, गाड्या हलवायच्या आधी चार फोटो काढा आणि टेप लावून अंतर मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि आपल्याला एक विनंती, अपघाताच्या त्या चार ओळींच्या बातमीखाली पाचवी ओळ छापाल का, की भरपाईचा दावा सहा महिन्यांत करायचा असतो आणि राहत्या ठिकाणी करता येतो? बातमीचं कात्रण घरात कोणीतरी जपून ठेवतंच. आमच्या ताईनेपण ठेवलंय.

आपला नियमित वाचक,
दौंड तालुका