कोकमाच्या चॉकलेटवर मोर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत देशी चवींच्या चॉकलेटांविषयी आलेला लेख वाचला. कोकम, गुलकंद, जायफळ, केशर अशा चवींचे स्वागत करताना लेखात त्यांच्या वेष्टनांचेही ‘अस्सल भारतीय’ म्हणून कौतुक केले आहे. चवींबद्दल माझे दुमत नाही. वेष्टनांबद्दल मात्र, छपाईच्या व्यवसायात आयुष्य काढलेला माणूस म्हणून, थोडे वेगळे मत मांडावेसे वाटते.

गेल्या दिवाळीत अशा चॉकलेटांचा एक बॉक्स आमच्याकडे भेट म्हणून आला. त्यातल्या कोकमाच्या चॉकलेटवर मोर होता, गुलकंदाच्या चॉकलेटवर हत्ती आणि जायफळाच्या चॉकलेटवर कमळ. तिन्ही चित्रांची अदलाबदल केली असती तरी कोणाच्या ध्यानात आले नसते. झाकणावर वारली पद्धतीचा तारपा नाच छापलेला होता. नाचणाऱ्यांची साखळी झाकणाच्या कडेवरून खाली उतरत होती आणि सगळा फेर ज्याच्याभोवती धरायचा तो तारपा हे वाद्य फुंकणारा माणूसच नेमका घडीवर येऊन कमरेत मोडला होता. त्याचे डोके वर राहिले आणि तारपा खालच्या पट्टीत, बारकोडाला टेकून. चित्र कशासाठी आहे याचा विचार न करता ते नुसते पसरले की असे होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की नक्षीची सुरुवात आतल्या पदार्थापासून व्हावी. जायफळ आडवे कापून पाहिले तर फिकट गरात तपकिरी शिरांची अशी काही नागमोडी गुंतागुंत दिसते की ती तशीच्या तशी कागदावर घ्यावी. शिवाय ताज्या जायफळावर जायपत्रीची लालभडक जाळी चढलेली असते, तीही हाताशी आहेच. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, गडद लाल सालीआड बिया गाभ्याभोवती चक्रासारख्या बसलेल्या असतात. केशराच्या एका फुलात तीनच काड्या निघतात, म्हणजे तीन तंतूंची बुट्टी निसर्गानेच बेतून दिली आहे. संक्रांतीसाठी तिळाचे चॉकलेट काढणाऱ्याने हलव्याच्या काट्यांकडे दोन मिनिटे निरखून पाहावे, वेगळा चित्रकार शोधावा लागणार नाही.

मोराशी माझे वैर नाही. पैठणीच्या पदरावर तो शोभतोच, कारण तिथे त्याला जागा नेमून दिलेली आहे. काठ कुठे, पदर कुठे, बुट्टी किती अंतराने, हे सगळे येवल्या-पैठणच्या विणकरांनी ठरवून ठेवले आहे, आणि चॉकलेटचे लांबट वेष्टन या मांडणीला साडीइतकेच सोयीचे आहे. खोबऱ्याच्या चॉकलेटला नारळी काठ घेतला तर तो उसना वाटणार नाही. तसेच सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खेळायच्या पत्त्यांचे. दशावतारी गंजिफांचा डाव १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी १२; ही पाने गोल, हाताने रंगवलेली आणि लाखेची चकाकी दिलेली असतात. ज्या सिंधुदुर्गात ही पाने रंगवली जातात तिथेच रातांबा पिकतो, तेव्हा कोकमाच्या चॉकलेटला गंजिफांच्या वेलबुट्टीचा काठ तिथल्याच कलाकाराकडून करून घेणे अवघड नसावे.

वारलीच्या बाबतीत तर हे अधिक काटेकोरपणे व्हायला हवे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी जो लग्नचौक लिहितात त्यात पालघट ही लग्नाची देवी असते. तो चौक खाऊच्या बॉक्सवर आणताना आपण काय उचलतो आहोत हे ठाऊक असायला हवे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले, तरी आमच्या बॉक्सवर ना चित्रकाराचे नाव होते ना पाड्याचे.

छोट्या उत्पादकांना चित्रकाराचे मानधन परवडत नाही, असे सांगितले जाते. काही अंशी ते खरे आहे. पण याच बॉक्सवर सोनेरी फॉइलचा ठसा मारलेला होता, आणि तो काही फुकट होत नाही. साध्या खाकी कागदावर एका रंगात छापलेली चांगली नक्षी त्याहून स्वस्त पडते, हे मी अनुभवाने सांगतो. त्या सोनेरी हौसेपायी ‘बेस्ट बिफोर’ची तारीख सोन्यावर सोने अशी छापली गेली होती आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका हिरव्या पानांत हरवला होता. हा ठिपका उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवरच हवा, असा नियम आहे. माझ्या पत्नीला तो शोधायला भिंग घ्यावे लागले.

जाता जाता आपल्या पुरवणीबद्दलही एक विनंती. लेखासोबत सहा वेष्टनांची छायाचित्रे होती आणि प्रत्येकाखाली कंपनीचे नाव व किंमत दिली होती. नक्षी कोणाची, हे एकाही छायाचित्राखाली नव्हते. पुढच्या वेळी तेवढी एक ओळ वाढवावी.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रक, पुणे